तीनचाकी बाबागाडी : निवडायची कशी, सांभाळायची कशी आणि भाड्यानं द्यायची असेल तर हिशेब कसा मांडायचा



आपल्या चॅनेलवर आपण पापड उद्योगापासून झेरॉक्सच्या दुकानापर्यंत बरंच काही बोललो. आजचा विषय ऐकून काही जण हसतील. बाबागाडी! पण थांबा. हा विषय माझ्याकडे एका ताईंच्या प्रश्नातून आला, आणि त्याच्या आठवडाभर आधी माझ्याच घरात असं काही घडलं होतं की हसू पळून गेलं. आधी ते सांगतो.

दिवाळीत मुलगी आणि जावई बंगळुरूहून आले. सोबत आठ महिन्यांची नात. विमानात सामान नको म्हणून त्यांनी बाबागाडी तिकडेच ठेवली होती. वीस दिवसांसाठी नवी कशाला घ्यायची, म्हणून मी इथे मनीषनगरातच एका ओळखीच्या घरून मागून आणली. तीन चाकांची, दिसायला एकदम मजबूत. त्यांचा मुलगा आता शाळेत जातो, गाडी तीन वर्षं बाल्कनीत उभी होती.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही फिरून आलो. आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगला रस्त्याकडे उतार आहे. मी गाडी उभी केली, पायानं ब्रेक दाबला, ‘टक्’ असा आवाजही आला. कारची डिक्की उघडायला वळलो, आणि मागून वॉचमन दादा ओरडले, “साहेब, गाडी घसरून राहिली न!” त्यांनीच धावत जाऊन हँडल पकडलं. गेटपासून जेमतेम चार हात अलीकडे. बाळ मजेत हसत होतं. माझे पाय मात्र लटपटत होते.

नंतर गाडी उलटी करून पाहिली. डाव्या चाकाचा ब्रेक नीट बसत होता, उजव्या चाकाची खिट्टी खाचेत जातच नव्हती. दोन्ही ब्रेकना जोडणारी तार सैल पडली होती. हँडलला मनगटात अडकवायचा पट्टा होता, तोही मी लावलेला नव्हता.

आता यात दोष कोणाचा? ज्यांनी गाडी दिली ते भले लोक, फुकट दिली. मी घेतली ती विश्वासानं. खरी गोष्ट एवढीच की त्या गाडीकडे पाहणं हे कोणाचंच काम नव्हतं. मंडळी, आजच्या लेखाचा मुद्दा हाच आहे. बाबागाडी घरासाठी घ्या किंवा धंद्यासाठी घ्या, ती सांभाळणं हे कोणाचं तरी ठरलेलं काम पाहिजे. आणि ज्याला यातून व्यवसाय करायचा आहे, त्यानं तर हे पाठच करून ठेवावं : ग्राहक भाडं गाडीचं देत नाही, तपासलेल्या गाडीचं देतो.

ही तीन चाकं आली कुठून?

धंद्याच्या नजरेनं ही गोष्ट ऐकण्यासारखी आहे. ओवेन मॅक्लॅरेन हे इंग्लंडमधले विमान अभियंते. स्पिटफायर या लढाऊ विमानाच्या चाकांच्या रचनेवर त्यांनी काम केलं होतं. निवृत्तीनंतर मुलगी नातवंडाला घेऊन घरी आली, तेव्हा ती जड बाबागाडी ओढताना तिची तारांबळ त्यांनी पाहिली. १९६५ मध्ये त्यांनी छत्रीसारखी मिटणारी, ॲल्युमिनियमची हलकी गाडी तयार करून पेटंटसाठी अर्ज केला. आज बाजारात दिसणाऱ्या छत्रीच्या घडीच्या गाड्या या त्याच घराण्यातल्या.

आजची तीनचाकी त्यानंतरची. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या याकिमा गावात फिल बेक्लर नावाचे पत्रकार राहत. त्यांना पळायला जाताना तान्ह्या मुलाला सोबत न्यायचं होतं. १९८० च्या सुमारास त्यांनी जुन्या बाबागाडीला सायकलची चाकं लावली. आधी स्वतःपुरती, मग लोक मागायला लागले म्हणून विकायला. १९८४ मध्ये त्याची कंपनी झाली.

पाहा, दोघांनीही बाजाराचा अभ्यास करून सुरुवात केली नाही. घरातली अडचण नीट पाहिली. आणि दुसरी गोष्ट लक्षात घ्या : तीनचाकी जन्मली ती पळण्यासाठी, मोठ्या चाकांवर, खडबडीत वाटेसाठी. मॉलमधल्या गुळगुळीत फरशीसाठी नाही. हे विसरलं की निवड चुकते.

तीन की चार? आधी आपला रस्ता पाहा

दुकानात जाण्याआधी एक काम करा. बाळाला घेऊन तुम्ही रोज जिथून जाणार आहात, ती वाट एकदा मोकळ्या हातानं चालून या.

मनीषनगर, बेसा रोड, उज्ज्वलनगर या भागात ही वाट कशी आहे ते आपल्याला माहीत आहे. मुख्य रस्ता सिमेंटचा. त्याच्या कडेला गट्टू, काही बसलेले, काही उखडलेले. सिमेंटचा रस्ता उंच झाल्यानं घराच्या फाटकापाशी उतार किंवा चक्क पायरी. मध्येच गतिरोधक. बेशाकडे नव्या ले-आऊटमध्ये पावसाळ्यात काळी माती, जी चाकाला लागली की निघत नाही.

अशा वाटेवर छोट्या प्लास्टिक चाकांची गाडी गट्टूच्या फटीत अडकते. बाळाची मान गदगद हलते. मोठ्या चाकांची तीनचाकी इथे खरंच उपयोगी पडते. एका हातानं वळते, खड्ड्यातून सहज निघते.

पण तिचे तोटेही आहेत, आणि विक्रेता ते सांगेलच असं नाही.

पहिला, ती रुंद असते. मागची दोन चाकं लांब लांब असतात. तुमच्या लिफ्टचं दार, फ्लॅटचं दार आणि सोसायटीचं छोटं गेट टेपनं मोजून घ्या. जुन्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये गाडी शिरत नाही, म्हणून ती पार्किंगमध्ये धूळ खाते, असं किती तरी घरांत झालेलं आहे.

दुसरा, ती जड असते. घरी बाळाला कोण फिरवणार? आजी असतील तर आजींनाच उचलून पाहू द्या. जावयाला हलकी वाटली म्हणून घेऊ नका.

तिसरा, पुढे एकच चाक असल्यानं तिरकं पायरीवरून उतरवली तर ती बाजूला कलंडू शकते. चारचाकीचे पुढचे दोन कोपरे टेकलेले असतात, हिचे नसतात. म्हणून पायरी चढ-उतार नेहमी सरळ करायचा. उतरताना गाडी फिरवून आधी मागची चाकं खाली घ्यायची.

आणि चौथा, मोठ्या चाकांची घडी मोठी होते. डिक्कीत दोन बॅगा आणि गाडी एकत्र मावते का, हे दुकानाच्या दारातच करून पाहा.

तुमचं फिरणं मॉल, लिफ्ट आणि विमानतळ एवढंच असेल, तर छत्रीसारखी मिटणारी हलकी चारचाकी बरी. सकाळ-संध्याकाळ कॉलनीत चालणं असेल, तर तीनचाकी. एवढा साधा हा निर्णय आहे.

दुकानात दहा मिनिटं : काय काय पाहायचं

रंग आणि बाटली ठेवायचा कप शेवटी पाहा. आधी हे पाहा.

चाकं. तीन प्रकार मिळतात. कडक प्लास्टिकची, आतून भरीव फोमची आणि हवेची. हवेच्या चाकांना धक्के सर्वात कमी बसतात, पण पंक्चर होतं आणि हवा पाहावी लागते. फोमच्या चाकांना पंक्चरची कटकट नाही, रोजच्या कॉलनीतल्या फिरण्याला ती पुरतात. भाड्यानं द्यायला माझी पसंती फोमची. कारण ग्राहकाच्या घरी रविवारी संध्याकाळी पंक्चर झालं, तर फोन तुम्हालाच येणार!

पुढचं चाक. ते गोल फिरतं आणि सरळ लॉकही होतं का, हे पाहा. बाजारात, गर्दीत ते फिरतं ठेवायचं. खडबडीत वाटेवर किंवा वेगात चालताना लॉक करायचं, नाहीतर खड्ड्यात ते आडवं होऊन गाडी अचानक थांबते. काही गाड्यांमध्ये पुढचं चाक खटक्यानं काढता येतं. सोय चांगली आहे, पण ते परत नीट बसलं नाही तर धोका मोठा. अमेरिकेत तिथल्या ग्राहक सुरक्षा आयोगानं २०१८ मध्ये याच कारणावरून एका नावाजलेल्या कंपनीविरुद्ध कारवाई सुरू केली. चाक चालता चालता सुटल्याच्या सुमारे २०० तक्रारी होत्या. म्हणून चाक बसवल्यावर गाडीचं तोंड उचलून चाक जोरात ओढून पाहायचं. प्रत्येक वेळी.

ब्रेक. दुकानदाराला सांगून रिकाम्या गाडीत आठ-दहा किलो वजन ठेवा. ब्रेक लावा. आता गाडी पुढे ढकला, मागे ओढा. दोन्ही मागची चाकं जागच्या जागी राहिली पाहिजेत. एक जरी फिरलं, तर ती गाडी नको. ‘टक्’ आवाजावर विश्वास ठेवू नका, माझा अनुभव वर वाचलाच आहे.

पट्टे. पाच ठिकाणी बांधणारा पट्टा हवा : दोन खांद्यांवरून, दोन कमरेला, एक पायांच्या मधून. फक्त कमरेचा पट्टा असेल तर बाळ खाली सरकतं. बकल मोठ्यांना एका प्रयत्नात उघडता आलं पाहिजे, पण दोन वर्षांच्या पोराला नाही.

पाठ. बाळाची मान धरलेली नसेल, तर पाठ पूर्ण सपाट होणारीच गाडी हवी. बसवण्याची तीनचाकी साधारण सहा महिन्यांनंतर. आणि बाळाला घेऊन पळायचंच असेल, तर ती गाडी पळण्यासाठी बनवलेली आहे असं कंपनीनं लिहिलेलं हवं आणि डॉक्टरांना विचारलेलं हवं. तीन चाकं दिसली म्हणजे पळायची गाडी, असं नसतं.

घडी. उघडताना आणि मिटताना सांधे कसे चालतात ते पाहा. २००९ मध्ये अमेरिकेत एका प्रसिद्ध कंपनीला सुमारे १० लाख बाबागाड्यांच्या सांध्यांसाठी झाकणं फुकट द्यावी लागली होती, कारण गाडी उघडताना लहान मुलांची बोटं सांध्यात सापडली होती. तेव्हापासूनचा नियम साधा आहे : गाडी उघडताना आणि मिटताना मूल हाताच्या अंतरावर नको, आणि उघडल्यावर दुसरं कुलूप लागलं का ते पाहायचं.

मनगटाचा पट्टा. नसेल तर वेगळा घेऊन लावा. २००९ च्याच ऑक्टोबरात ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या एका स्टेशनवर आईनं क्षणभर हँडल सोडलं आणि गाडी घरंगळत रुळावर पडली, वरून रेल्वे आली. बाळ वाचलं, कपाळाला फक्त टेंगूळ आलं. पण प्रत्येकाचं नशीब तेवढं नसतं. फलाट दिसायला सपाट असतो, पार्किंगही दिसायला सपाट असतं. चाकाला उतार कळतो, आपल्या डोळ्याला कळत नाही.

जुनी घेत असाल तर

सेकंडहँड गाडी वाईट नसते. खूप मुलं ती वर्षभरच वापरतात, म्हणून जवळपास नवी गाडी निम्म्या किमतीत मिळते. पण तीन प्रश्न विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. कुठे ठेवली होती? उन्हात बाल्कनीत असेल तर प्लास्टिक ठिसूळ आणि पट्टे कडक झालेले असतात, आपल्या नागपूरच्या उन्हात तर नक्कीच. कधी पडली, आपटली का? दांडी वाकलेली असेल तर गाडी सोडा, सरळ करून घेऊ नका. आणि सुटे भाग मिळतात का? चाक, बकल, ब्रेकची तार या तीन गोष्टी मिळत नसतील, तर ती गाडी स्वस्त नाही, ती फक्त आज स्वस्त दिसते.

गाडी सपाट फरशीवर सरळ ढकलून सोडा. एका बाजूला ओढत असेल, तर पुढचं चाक सरळ करायचा स्क्रू किंवा गोल बटण फिरवून पाहा. तरी ओढत असेल, तर चौकट वाकडी आहे असं समजा.

देखभाल : रोजची, आठवड्याची, महिन्याची

रोज. बाळाला बसवण्याआधी अर्धा मिनिट. ब्रेक, पुढचं चाक, पट्टा. हँडलला भाजीची पिशवी अडकवायची नाही. बाळाला उचललं की पिशवीच्या वजनानं गाडी मागे उलटते. पिशवी खालच्या टोपलीत.

आठवड्याला. सीटच्या फटीतले बिस्किटाचे कण झटकायचे, नाहीतर मुंग्या येतात. चाकांच्या आसाभोवती केस आणि दोरे गुंडाळलेले असतात, ते कात्रीनं काढायचे. गाडी जड ओढते अशी तक्रार असेल, तर दहापैकी आठ वेळा कारण हेच निघतं.

महिन्याला. चाकं काढून ओल्या फडक्यानं आस पुसायचा. सांधे कुरकुरत असतील तर सिलिकॉनचा स्प्रे थोडासा. खोबरेल तेल किंवा शिलाई मशीनचं तेल नको. आमच्या चौकातले सायकलवाले भाऊ म्हणतात ते बरोबर आहे, “तेल टाकलं का धूळ बसते, अन् धूळ बसली का दगड होते.” कापड निघत असेल तर हातानं धुवून सावलीत वाळवायचं. पट्टे फक्त साबणाच्या पाण्यानं पुसायचे, ब्लीच नको, दोरा कमजोर होतो.

हवेची चाकं असतील तर टायरच्या कडेला आकडा छापलेला असतो, ती जास्तीत जास्त हवा. त्याच्यावर जायचं नाही. बऱ्याच गाड्यांमध्ये व्हॉल्व्ह स्कूटरसारखा असतो, साध्या सायकलच्या पंपाचं तोंड त्याला बसत नाही. मग लोक पेट्रोल पंपावर नेतात, तिथे प्रेशर जोरात येतं आणि एवढीशी ट्यूब फुटते. पायाचा किंवा हाताचा मीटरवाला पंप घरी ठेवा. ट्यूब बदलायची झाली तर टायरवरचा आकडा लिहून न्या. लहान मुलांच्या बारा इंची सायकलची ट्यूब कधी कधी जुळते, पण आकडा जुळला तरच.

पावसाळा. चिखल लागलेली गाडी तशीच मिटून ठेवायची नाही. काळी माती वाळण्याआधी धुवायची, उघडी ठेवून पूर्ण वाळवायची, मगच घडी. नाहीतर दोन गोष्टी होतात : स्क्रूला गंज आणि सीटला बुरशी. बुरशीचा वास आलेली गाडी मी स्वतः कोणाच्या बाळाला देणार नाही.

उन्हाळा. हे जरा नीट वाचा, कारण यात जवळपास सगळेच चुकतात. ऊन लागू नये म्हणून आपण गाडीवर ओढणी किंवा पांढरं कापड टाकतो. आत वारा बंद होतो आणि गरमी कोंडते. सिडनी विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ मध्ये हे मोजून दाखवलं. कोरडं पातळ कापड टाकल्यावर आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा अडीच अंशांनी वाढलं. तेच कापड ओलं करून, सोबत छोटा पंखा लावला, तर तापमान सुमारे ५ अंशांनी उतरलं. आपल्याला हे नवं वाटायला नको. आपला कूलर दुसरं काय करतो? ओली ताटी आणि वारा. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात ही युक्ती चालते, पण कापड पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा ओलं करायचं, एक बाजू उघडी ठेवायची, आणि बाळाच्या मानेला हात लावून पाहत राहायचं. आणि एप्रिल-मेच्या दुपारी यातलं काहीच करायचं नाही. पारा पंचेचाळिशीला टेकला असताना बाळ घरातच बरं. गाडीसुद्धा उन्हात उभी करू नका. तापलेलं बकल बाळाच्या मांडीला चटका देतं.

आता ताईंचा हिशेब

बेसा रोडच्या एका ताई आमच्या शनिवारच्या बॅचला येतात. त्यांचं म्हणणं, “सर, आमच्याकडे सगळ्यांची पोरं पुणे, बंगळुरू, नाहीतर परदेशात. सुट्टीत नातवंडं घेऊन येतात. पंधरा-वीस दिवसांसाठी कोण गाडी घेते? मी भाड्यानं दिली तर?”

कल्पना एकदम बरोबर आहे. विमानतळ जवळ, मिहानमध्ये नोकरी करणारी तरुण कुटुंबं जवळ, आजी-आजोबांची घरं इथेच. पण ताईंनी वहीत लिहिलं होतं : दिवसाला १५० रुपये, महिन्याला ४,५००, वर्षाला ५४,००० एका गाडीमागे. मी म्हटलं, ताई, हा हिशेब गाडीचा आहे, ग्राहकाचा नाही. नातवंडं रोज येतात का?

मग आम्ही दुसरा हिशेब मांडला. आकडे समजा म्हणून घेतलेले आहेत, तुम्ही तुमचे टाका.

एक गाडी १४,००० रुपयांची. दर : एका दिवसाचे १५०, आठवड्याचे ७००, महिन्याचे १,८००. वर्षात एक-एक दिवसाची १५ भाडी, म्हणजे २,२५०. आठवड्याची ६, म्हणजे ४,२००. महिन्याची ४, म्हणजे ७,२००. एकूण २५ भाडी, १७७ दिवस, १३,६५० रुपये.

आता खर्च. प्रत्येक भाड्यामागे धुणं आणि पोहोचवणं मिळून ८० रुपये, म्हणजे २,०००. आणि प्रत्येक भाड्यातले १० टक्के देखभालीच्या डब्यात, म्हणजे १,३६५. हातात राहिले १०,२८५. गाडीची किंमत वसूल व्हायला साधारण सोळा-सतरा महिने.

ताईंचा चेहरा पडला. चोपन्न हजारांचे दहा हजार झाले! पण हेच खरं आहे, आणि हे वाईटही नाही. सतरा महिन्यांनंतर गाडी चालू स्थितीत असेल, तर पुढचं सगळं उत्पन्न. गाडी चालू स्थितीत असेल तर, हे मात्र देखभालीवर ठरतं. डब्यातले ते १,३६५ रुपये काढले नाहीत, तर सतराव्या महिन्यात तुमच्याकडे पैसे आलेले असतील आणि गाडी भंगारात गेलेली असेल. असा व्यवसाय म्हणजे गाडी हप्त्यानं विकणं झालं.

म्हणून सुरुवात एका, फार तर दोन गाड्यांनी करा. एक तीनचाकी, एक छत्रीच्या घडीची हलकी. कोणती जास्त जाते ते सहा महिने वहीत लिहा, मग तिसरी घ्या. उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर फुकट होते, आधारवर होते, त्यासाठी कोणाला पैसे देऊ नका.

देताना आणि घेताना

एक शाळेची दोनशे पानी वही पुरते. प्रत्येक गाडीला नंबर द्या, प्रत्येक भाड्याला एक पान.

देण्याआधी सात खुणा : दोन्ही ब्रेक वजन ठेवून, पुढचं चाक ओढून, तिन्ही चाकं फिरवून, पाचही पट्टे आणि बकल, घडीचं दुसरं कुलूप, टप म्हणजे वरची छत्री, आणि स्वच्छता. खाली तारीख आणि तुमची सही. ग्राहकासमोर मोबाइलवर चार फोटो.

डिपॉझिट घ्या, पण परत देताना कुरकुर करू नका. कापडाला डाग पडणारच, ते मूल आहे. नुकसान म्हणजे काय, हे आधीच कागदावर लिहा : वाकलेली दांडी, तुटलेलं बकल, हरवलेलं चाक. बाकी घासून निघेल ते तुमच्या ८० रुपयांत.

आणि गाडी देताना पाच मिनिटं उभं राहून ग्राहकाच्या हातानं तीन गोष्टी करून घ्या. ब्रेक लावून ढकलणं, बकल लावणं-काढणं, आणि मनगटाचा पट्टा घालणं. तुम्ही करून दाखवू नका, त्यांच्याकडून करवून घ्या. आजोबा म्हणतील, “हो हो, येतं मला.” तरी करवून घ्या. मलाही येतच होतं!

गाडी परत आल्यावर त्याच दिवशी धुवा, तपासा, पान बंद करा. उद्यावर टाकलं की पुढचा फोन येतो आणि न तपासलेली गाडी दारातून बाहेर पडते. ज्या दिवशी ब्रेकबद्दल थोडी जरी शंका असेल, त्या दिवशी भाडं सोडून द्या. ‘आज गाडी दुरुस्तीला आहे’ असं सांगितलेला ग्राहक परत येतो, उलट चार जणांना सांगतो.

शेवटी

ती मागून आणलेली गाडी मी तशीच परत केली नाही. सायकलवाल्या भाऊंनी तार ओढून दिली, दोन्ही खिट्ट्या खाचेत बसवल्या, घेतले वीस रुपये. बाल्कनीत परत नेऊन ठेवताना मी त्या घरच्यांना सगळं सांगितलं. ते आधी घाबरले, मग म्हणाले, “आम्ही तर आणखी दोघांना दिली होती हो.” आता ती गाडी ताईंकडे आहे. त्यांनी ती ठरलेल्या किमतीला विकत घेतली, नवे पट्टे आणि मनगटाची दोरी लावली आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं : गाडी नंबर १.

वीस रुपयांची दुरुस्ती होती मंडळी. फक्त कोणीतरी गाडी उलटी करून पाहायला पाहिजे होती.

तुमच्या घरी बाबागाडी असेल, तर आज संध्याकाळी हे एकच काम करा. आत दहा किलो तांदळाची पिशवी ठेवा, ब्रेक लावा आणि ढकलून पाहा. दोन्ही चाकं थांबली तर छान. एक जरी फिरलं, तर उद्या सकाळी आधी सायकलवाल्याकडे, मग बाकीची कामं.

भेटूया पुढच्या शनिवारी. येताना वही घेऊन या!